आठ नंबरचा फोटो

माझ्याकडे ओळख पटवायला येणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांपैकी निम्मे कॅमेरे नसतातच. एकदा मुरबाडच्या बाजारात एका गृहस्थाने मला अडवून पिशवीतून पाण्याचं मीटर काढलं. गोल, पितळी, वर काच आणि काचेखाली आकडे. म्हणाला, "म्याडम, आजोबांचा कॅमेरा हाय. जर्मनचा." मी म्हटलं, हे नळाचं मीटर आहे. "पण आमच्याकडं नळ नाय ना," तो म्हणाला. हा मुद्दा बिनतोड होता. मग त्याच्या आजोबांनी ते मीटर कुठून उपटून आणलं असेल, याचा विचार करत आम्ही दोघं भाजीच्या गाडीसमोर उभे राहिलो.

मी राहते शहापूरला आणि नोकरी करते मुरबाडच्या एका बँकेत. एकदा एका शाळेने बोलावलं म्हणून मी माझे फिल्मचे जुने कॅमेरे नेऊन टेबलावर मांडले, तासभर बोलले, आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ करून दोन्ही तालुक्यांच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून मी बँकेतली बाई उरले नाही, कॅमेरेवाली बाई झाले. पासबुक भरायला आलेला माणूस पासबुकाखालून हळूच फ्लॅशगन सरकवतो. शिलाई मशीनची मोटर येऊन गेली, अर्धी दुर्बीण येऊन गेली, रक्तदाब मोजायचं यंत्रही येऊन गेलं. मी जे आहे ते तोंडावर सांगते. लोकांना वाईट वाटतं, पण मला गोड बोलून वेळ मारून नेता येत नाही. नवरा म्हणतो, लोक तुझ्याकडे हौसेने वस्तू आणतात आणि तू त्यांचा पंचनामा करतेस.

पण जुना कॅमेरा ओळखायचा तर पंचनामाच करावा लागतो. डोळे शेवटी, आधी हात. चांगला कॅमेरा हातात घेतला की मनगटाला कळतं, आत पत्रा आहे की पितळ. मग नाक. मागचं झाकण उघडून वास घ्यायचा. कुबट आला तर भिंगाला बुरशी धरली आहे, आमच्या पावसात ती धरतेच. मग कान. शटर सर्वात कमी वेगावर लावून कळ दाबायची आणि आतली चाकं कुरकुरत फिरतात ती ऐकायची. ती कुरकुर एकसारखी असली की माझ्या अंगावर काटा येतो, आणि हे वाक्य मी माहेरी बोलले तेव्हा आईने माझ्या नवऱ्याकडे काळजीने पाहिलं होतं. डोळ्यांचं काम यानंतर. रशियन कॅमेऱ्यावरचं नाव खरवडून कुणी जर्मन नाव कोरलंय का, घडी घालून मिटणाऱ्या कॅमेऱ्याच्या कातडी भात्याला भोकं पडली आहेत का, हे पाहायचं. घरात असे वीसएक कॅमेरे आहेत आणि पावसाळ्यात ते डब्यांमध्ये राहतात. सासूबाईंनी एका श्रावणात पापडाचा डबा म्हणून रशियन कॅमेऱ्याचा डबा उघडला आणि तो तळायला घ्यायचा बाकी होता.

तर एका रविवारी दारात एक पंचेचाळिशीचा माणूस येऊन उभा राहिला. भातसानगरला धरणाच्या वसाहतीत तो पंपावर कामाला होता आणि घर डोळखांबच्या पलीकडे एका पाड्यावर. हात रिकामे. मी विचारलं, कॅमेरा कुठंय?

"तो येवाचा नाय," तो म्हणाला. "तुमाला यावं लागल."

"का? मोठा आहे का?"

"मोठा नाय. देव्हाऱ्यात हाय."

मला वाटलं, देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. तसं नव्हतं. देव्हाऱ्यात होता, देवांच्या ओळीत, आणि देवांना अंगणाबाहेर फिरवायची त्यांच्यात पद्धत नव्हती.

मला कामाचं काय ते आधी सांगा, असं मी जरा फटकारूनच म्हटलं. तेव्हा त्याने जे सांगितलं ते असं. पुढच्या महिन्यात, तुळशीचं लग्न झाल्यावर, त्याच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी मांडवात खुर्ची मांडून तिच्यावर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो ठेवतात. त्यांना हार घालतात, पहिली हळद त्यांना लावतात आणि मगच नवरीला. त्याच्या वडिलांचा फोटो होता, रेशनकार्डावरचा मोठा करून घेतलेला. आईचा नव्हता. ती गेली तेव्हा तो जेमतेम तीन वर्षांचा होता, तिचा चेहराही त्याला आठवत नव्हता. म्हणून घरात कुणाचंही लग्न असलं की आईच्या जागी खुर्चीवर नारळ ठेवायचे.

"मग आता काय अडलं?" मी विचारलं.

"भावाच्या पोरीच्या लग्नात कुणीतरी तो नारळ फोडला." तो जमिनीकडे बघत होता. "पावण्यांतलाच कुणीतरी. त्याला काय म्हायती. फोडला, खोबरं वाटलं. मला पण आणून दिलं. मी खाल्लं पण. मग खुर्चीकडं बघितलं."

मला हसू आलं आणि ते तोंडापर्यंत येऊन थांबलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. आपल्या आईला आपल्या हातून आणखी एकदा नारळ व्हायला लागू नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं. आणि घरातल्या कॅमेऱ्यात आईचा फोटो आहे, अशी त्याची खात्री होती. मी स्कूटर काढली.

पाड्यावरचं घर नीटनेटकं, सारवलेलं. आत त्याचा मोठा भाऊ होता, साठीला टेकलेला, कपाळाला आठ्या. देव्हाऱ्यात टाक, एक शेंदूर लावलेला दगड, आणि त्यांच्या शेजारी तो. मी पाहिला आणि क्षणभर मलाही हात जोडावेसे वाटले. काळ्या पत्र्याचा डबा कॅमेरा होता. म्हणजे पुढे भिंग, मागे फिल्म आणि मध्ये काळोख, बस्स. कॅमेऱ्याच्या जातीतला सगळ्यात साधा प्राणी. पण अशा डब्याला वरच्या बाजूला दृश्य बघायच्या दोन छोट्या गोल काचा असतात आणि खाली मधोमध भिंग. दोन डोळे आणि एक तोंड. इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवाने आणि तेलाने ते तोंड असं काही उमटलं होतं की याला देव्हाऱ्यात ठेवू नका, असं कुणाला म्हणवलं नसतं.

खरं सांगायचं तर माझी निराशा झाली होती. एवढं खडीवरून स्कूटर हाणत आले ती मनात एखादा जर्मन घडीचा कॅमेरा घेऊन. डबा कॅमेरे माझ्याकडे तीन आहेत. त्यात भिंगावर कुंकवाचा थर पाहून माझं डोकं फिरलं. "अहो, काचेवर कुंकू कुणी लावतं का? काच ही कॅमेऱ्याचा जीव असते!"

"कपाळ हाय त्याचं," मी ज्याला तोंड समजले होते त्या भिंगाकडे बोट दाखवत मोठा भाऊ म्हणाला. "कुंकू कपाळाला नाय तर कुठं लावायचं?"

मग कॅमेऱ्याची गोष्ट त्याने सांगितली. धरणाचं काम चालू होतं तेव्हा त्यांचे वडील एका साहेबाच्या हाताखाली होते. बदली होऊन जाताना साहेबाने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, यात एक फोटो बाकी आहे, तो तुमचा. मागच्या लाल खिडकीतला आकडाही दाखवला. आठ. अशा कॅमेऱ्यात एका रोलवर आठ फोटो येतात. सात साहेबाने काढले होते, आठवा यांचा. दसऱ्याला घरातले कोयते-विळे पुजतात, तेव्हा वडिलांनी कॅमेराही पुजला, अंगणातल्या उखळावर ठेवला, सगळे दारापुढे उभे राहिले आणि कळ दाबली.

"मग रोल धुवायला का नाही दिला?" मी विचारलं.

दोन्ही भावांनी माझ्याकडे पाहिलं. "रोल संपला नव्हता ना," मोठा म्हणाला. "आठ तसाच हाय अजून. फोटो बाकी हाय."

मग माझ्या लक्षात आलं. फोटो काढल्यावर बाजूची किल्ली फिरवायची असते, म्हणजे फिल्म पुढे सरकते आणि आकडा बदलतो. हे साहेब सांगायला विसरला होता. डबा कॅमेरा इतका भोळा असतो की किल्ली फिरवा नाहीतर नका फिरवू, कळ दाबली की तो त्याच जागी पुन्हा फोटो घेतो. यांनी पाहिलं, फोटो काढला तरी आठचा आठ. म्हणजे फोटो खर्च झाला नाही. म्हणून पुढच्या दसऱ्याला पुन्हा काढला. तरी आठ. मग दर दसऱ्याला. तेच उखळ, तेच दार, त्याच जागा. अर्धवट रोल धुवायला द्यायचा म्हणजे पैसे पाण्यात, हे त्या काळी आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आमच्या घरी रोल संपवायला वडील तुळशीचे तीन-तीन फोटो काढायचे. या लोकांनी चाळीसेक वर्षं प्रामाणिकपणे रोल संपायची वाट पाहिली होती, आणि तो संपत नव्हता.

पाड्यावरच्या इतरांनीही वाट पाहिली होती. मी आल्याचं कळताच माणसं जमली. दसऱ्याला या कॅमेऱ्यापुढे कधी ना कधी उभं राहिलेलं निम्मं गाव होतं, आणि आता प्रत्येकाला आपली कॉपी हवी होती. त्यात सगळ्यात पुढे पाड्याचा भगत होता, सत्तरीचा, ताठ. त्याने एका वर्षी आपला बैल उभा केला होता. बैल मरून जमाना लोटला होता. "माझा मोठा काढा," तो म्हणाला. "बैल पुरा आला पाहिजे. शिंगासकट."

मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. एकाच जागेवर इतके फोटो पडले की सगळे मिळून नुसता पांढरा पडदा उमटतो. धाकट्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण आई त्याच्यात हाय ना?" त्याने विचारलं.

"असली तरी दिसणार नाही कदाचित."

"असली तर बघू."

मोठ्या भावाचा विरोध होता. रोल बाहेर काढला की देव रिकामा झाला, असं त्याचं म्हणणं. त्याला आई आठवत होती, म्हणून घाई नव्हती. फक्त ती दर वेळी वेगळी आठवायची. एकदा उंच, एकदा बुटकी. कधी ती अगदी आपल्या बायकोसारखी होती म्हणायचा, आणि बायकोशी भांडण झालं की तिच्यासारखी मुळीच नव्हती. शेवटी ठरलं, भगताने कौल लावायचा. भगताने देवापुढे तांदळाचे दाणे टाकले आणि जोड्या लावल्या. एक दाणा उरला. देव नाही म्हणाला. धाकट्याचा चेहरा उतरला. मला काय सुचलं कोण जाणे, मी भगताला विचारलं, "बैलाचा फोटो कोणत्या वर्षी काढला होतात?"

भगत विचारात पडला. दाण्यांकडे पाहिलं. एक दाणा तुटका होता, तो धरायचा नाही, असं त्याच्या लक्षात आलं. नव्याने जोड्या लावल्या आणि देव हो म्हणाला. मात्र कॅमेरा घरातच राहील, फक्त फिल्म जाईल.

आता फिल्म काढायची म्हणजे अंधार हवा, आणि कॅमेऱ्याची किल्ली तेल-कुंकवाने जाम झालेली. माझ्याकडे त्यासाठी एक काळी पिशवी असते, दोन बाह्या असलेली. वस्तू आत टाकायची, चेन लावायची आणि बाह्यांतून हात घालून आंधळेपणाने काम करायचं. मी देव्हाऱ्यासमोर पाटावर बसले, कॅमेरा झेंडूच्या हारासकट आत घातला आणि कोपरापर्यंत हात घालून चाचपडायला लागले. सगळा पाडा दारात. गाय अडल्यावर वासरू ओढायला हात घालतात, तसंच दिसत असणार, कारण मागून भगत हलक्या आवाजात सांगायला लागला, "सावकाश. घाई नाय करायची. पाय लागतोय का हाताला?" मी म्हटलं, पाय नाही, किल्ली लागतेय. "मग वढू नका अजून," तो म्हणाला. झाकण निघालं, फिल्म हाताला आली, मी ती गुंडाळून काळ्या डबीत घातली आणि हात बाहेर काढले तेव्हा कोपरापर्यंत पिवळे होते. एका बाईने पटकन माझ्या हातावर पाणी घातलं.

पुढच्या रविवारी दोघे भाऊ शहापूरला आले. मी फिल्म घरीच धुते, न्हाणीघरात. खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला टॉवेल. त्या दिवशी घरात कुणी आंघोळ करत नाही आणि नवरा अशा रविवारी मित्राकडे निघून जातो. नेमकं त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मी सकाळी फोनवर सांगितलं म्हणून धाकट्याने दोन कॅन आणले होते. "धरणाचं हाय," तो म्हणाला. "चालल ना? हेच पुढं मुंबईला जातं." मी म्हटलं, मुंबईला चालतं तर मला न चालायला काय झालं. मोठ्याने न्हाणीघराच्या दाराबाहेर उदबत्ती लावली आणि नारळ ठेवला. धाकट्याने तो उचलून पिशवीत टाकला. त्यांच्यात त्यावरून थोडी कुरबुर झाली, ती मला आतून ऐकू आली.

जुनी फिल्म धुताना माझा जीव नेहमी टांगणीला असतो. मी स्वतःला बजावलं की डबा कॅमेरा आहे, रोल सडलेला आहे, काही येणार नाही. मग ओली फिल्म उजेडात धरली आणि पाहिलं, आलंय.

पहिल्या सातही फोटोंत एक कुत्रा होता. साहेबाचा. बसलेला, उभा, जीपच्या बॉनेटवर, धरणाकडे तोंड करून. काल काढल्यासारखे लख्ख. मी मोबाईलवर उलट रंग करून दाखवले. भावांनी एकेक कुत्रा काळजीपूर्वक पाहिला.

"हा मला चावला होता," मोठा म्हणाला. त्याने पोटरी वर करून दाखवली.

आठवा फोटो पांढराफट्ट असायला हवा होता. तो नव्हता. थोडा धुरकट, पण होता. आणि तेव्हा मला उमगलं की काचेवरच्या ज्या कुंकवावरून मी तणतणले होते, त्यानेच तो वाचवला. दर दसऱ्याला आधी पूजा, मग फोटो. पहिली दोन-तीन वर्षं काच मोकळी होती, मग थर चढत गेला आणि काच बंद झाली. त्यानंतर पुढे उभ्या राहिलेल्या कुणाचंच काही आत गेलं नाही. ते सगळे, भगताच्या बैलासकट, चाळीसेक वर्षं कुंकवाकडे बघत उभे होते. मी हे सांगितलं तर मोठा भाऊ एवढंच म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, कपाळ हाय." त्याचा आनंद मला सहन झाला नाही.

फोटोत घर दिसत होतं, दार दिसत होतं. वडील खाली बसलेले, अगदी स्थिर, त्यांना एकच तोंड. मोठा भाऊ तेव्हा शाळकरी, प्रत्येक दसऱ्याला थोडा वाढलेला, म्हणून त्याला दत्तासारखी तीन तोंडं, एकावर एक. धाकटा वडिलांच्या मांडीवर तान्हा, आणि त्याच फोटोत वडिलांच्या गुडघ्याला धरून उभाही. आणि उजवीकडचा पाव भाग एका राखाडी, गोलसर ढगाने झाकला होता.

"आई?" धाकट्याने विचारलं.

मी मोबाईलवर फोटो मोठा करून करून पाहिला. दारात, दाराआड, ओट्यावर. बाई कुठेच नव्हती. मोठा भाऊ स्वतःची तीन तोंडं पुन्हा पुन्हा मोजत होता. मग मला जो प्रश्न पाड्यावरच विचारायला हवा होता, तो सुचला.

"कळ कोण दाबायचं?"

मोठ्या भावाचं मोजणं थांबलं. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या. "आईच की," तो म्हणाला. "पूजा तीच करायची. कॅमेऱ्याजवळ तीच असायची. बाबा म्हणायचे, ये आता, तर ती म्हणायची, तुमी ऱ्हावा उभे, मी आठवा बघते." आणि मग, "अंगठ्यानं दाबायची. कळ घट्ट होती. असा जोर लावायची." त्याने हवेत अंगठा दाबून दाखवला.

मी फोटोतल्या ढगाकडे पाहिलं. डबा कॅमेऱ्याची कळ बाजूला, पुढच्या कडेजवळ असते. जोर लावून दाबली तर अंगठा घसरून भिंगापुढे येतो. नवशिक्यांच्या फोटोंत मी असे ढग ढीगभर पाहिलेत आणि प्रत्येक वेळी बाजूला टाकलेत. मी त्या राखाडी जागेवर बोट ठेवून म्हटलं, "ही."

धाकट्याने मोबाईल हातात घेतला. खूप वेळ पाहिलं. मग नाक ओढत म्हणाला, "बाप नको. त्याचा वेगळा हाय. नुसता अंगठा मोठा करा."

मी केला. चांगल्या कागदावर, चौकटीत बसेल एवढा. मोठा केल्यावर तो अंगठासुद्धा दिसेना. धुक्यात टेकडी असावी तसा राखाडी उंचवटा, कडा विरघळलेल्या, नखाचा पत्ता नाही. इतका अस्पष्ट फोटो मी आयुष्यात कुणाच्या हाती दिला नव्हता.

हळदीला मला आग्रहाचं बोलावणं होतं. मांडवात डीजे, समोर पोरं नाचतायत, आणि एका बाजूला दोन खुर्च्या. एकीवर वडील, रेशनकार्डावरच्या चेहऱ्याने. दुसरीवर झेंडूचा जाड हार घातलेली चौकट आणि तिच्यात तो राखाडी ढग. पाहुणे येत, वडिलांना हात जोडत, मग ढगाला हात जोडत आणि एकमेकांच्या कानाला लागत. एका काकूंनी मला विचारलं, हे कैलास आहे का. मी नाही म्हटलं. मोठा भाऊ खुर्चीशेजारी काठी घेऊन बसला होता. कुणाच्याही हातात नारळ दिसला की तो उठून उभा राहायचा.

इथवर ठीक चाललं होतं. मग भगत आला. चौकटीपुढे थांबला, डोळे बारीक केले आणि त्याचा ऊर भरून आला.

"हा माझ्या बैलाचा खांदा," तो म्हणाला. "वशिंड बघा त्याचं. मी म्हणत होतो ना, तो आलाय म्हणून."

"ती आई हाय," धाकटा म्हणाला.

"आई कशी? वशिंड हाय ते. मी त्याला वीस वर्षं चारा घातला, मला कळत नाय?"

मी मध्ये पडले. बैल खूप नंतरचा, तेव्हा काच बंद झाली होती, तुमच्या वेळी आत काहीच गेलं नाही, असं सगळं सांगितलं. भगताने ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. आणि खरी पंचाईत पुढेच होती. आजूबाजूच्या लोकांनी चौकटीकडे पुन्हा पाहिलं आणि त्यांना वशिंड दिसायला लागलं. एक म्हणाला, हां, हां, हे बघ, मान इथून. दुसरा म्हणाला, काळा होता का तो? डीजेवाल्याने काय चाललंय म्हणून आवाज कमी केला. भगत चौकटीवरून हात फिरवत होता, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्याच्यावर रागावता येत नव्हतं. पण धाकट्याचा चेहरा मी पाहिला. मागे त्याची आई नारळ झाली होती, आता भर मांडवात ती बैल होत चालली होती.

तो पाटाकडे गेला, जिथे त्याची मुलगी बसली होती. तिच्यासमोरच्या वाटीतली हळद त्याने उजव्या अंगठ्याला घेतली आणि परत खुर्चीपाशी आला. भगताचा हात हळूच बाजूला केला. मग स्वतःचा अंगठा चौकटीच्या शेजारी, फोटोतल्या उंचवट्याच्या बरोबरीने उभा धरला आणि माझ्याकडे वळला.

"म्याडम, तुमाला यातलं कळतं," तो म्हणाला. "सांगा. माझा तसाच हाय ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते, भगतसुद्धा. मी जवळ गेले. त्याचा अंगठा रुंद होता, पंपाच्या कामाने घट्टे पडलेला, नख एका बाजूला चिरलेलं. फोटोतला नुसता राखाडी होता. त्याच्याशी कुणाचाही अंगठा जुळला असता, माझाही, भगताचाही. मी चष्मा पुसला, दोन्ही नीट पाहिले, वरून, बाजूने, आणि म्हटलं, "हो. हाडच तेच आहे. इथं जो बाक आहे ना, तो घराण्यातूनच येतो."

भगताने स्वतःचा अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग मान हलवली आणि चार पावलं मागे सरला.

धाकट्याने हळदीचा अंगठा काचेवर टेकवला, त्या उंचवट्यावर, आणि दाबला. जोर लावून. मागे पाटावर बसलेली मुलगी म्हणाली, "पप्पा, आता मला." तो हो म्हणाला, पण अंगठा काही काचेवरून निघेना.